घरगुती ध्वनिमुद्रण : ध्वनिमार्गाची निवड आणि औचित्यविचार

घरीं बसून गाणें मुद्रित करण्याची सोय आतां इतकी सुलभ झाली आहे कीं, पूर्वी ज्या कामास मोठमोठ्या कंपन्यांचीं दालनें, अवजड यंत्रें आणि पगारी तंत्रज्ञ लागत, तें काम एखाद्या विद्यार्थ्याच्या टेबलावर होऊं लागलें आहे. या विषयावर लिहिलें पुष्कळ जातें. परंतु त्यांतील बहुतेक लिखाण यंत्रांच्या याद्यांच्या स्वरूपाचें असतें. अमुक मायक्रोफोन घ्यावा, अमुक प्रीअँप घ्यावा, म्हणजे आवाजास 'ऊब' येते, असें सांगणारे सल्लागार पदोपदीं भेटतात. पण ती ऊब कोणत्या गाण्यास हवी, कोणत्यास नको, आणि ती आणतांना गाण्यांतून काय नाहींसें होतें, याची चिकित्सा करणारे विरळा. एखाद्या ग्रंथाचें परीक्षण करावयास बसून कागद, शाई आणि बांधणी यांचीच वाखाणणी करावी, तसा हा प्रकार आहे. ध्वनिमार्गाची निवड वरवर पाहतां खरेदीची बाब दिसते. परंतु साहित्यांत शैलीसंबंधीं जे प्रश्न उद्भवतात तेच येथें उद्भवतात, आणि ते सोडविण्याचीं साधनेंहि बहुतांशीं तींच आहेत, असें आमचें मत आहे. म्हणूनच साहित्याच्या मासिकांत या विषयाची चर्चा करणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

'ध्वनिमार्ग' हा शब्द आम्ही तंत्रज्ञांच्या 'सिग्नल पाथ' या शब्दासाठीं योजीत आहों. ज्या वाचकांस या यंत्रांचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं हा मार्ग एकदां टोकापासून टोकापर्यंत चालून पाहणें अवश्य आहे. गायकाच्या मुखांतून निघालेला ध्वनि प्रथम खोलीच्या हवेंतून जातो. मग तो मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळतो आणि तेथें त्याचें विद्युत्संदेशांत रूपांतर होतें. हा संदेश फार क्षीण असतो. साध्या डायनॅमिक जातीच्या मायक्रोफोनाच्या अगदीं जवळ येऊन मोठ्यानें बोललें तरी त्यांतून एकदोन मिलिव्होल्टच काय ते निघतात. कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन, ज्यास ४८ व्होल्टची 'फँटम' वीज पुरवावी लागते, तो त्याच आवाजास वीसपंचवीस मिलिव्होल्ट देतो. म्हणून पुढें प्रीअँपची योजना करावी लागते; तो ६० डेसिबलपर्यंत, म्हणजे व्होल्टांच्या हिशेबानें हजारपटीपर्यंत, हा संदेश मोठा करतो. त्यानंतर कोणी ईक्यू व कॉम्प्रेसर जोडतात, कोणी जोडीत नाहींत. शेवटीं येतो कन्व्हर्टर. तो या अखंड लहरीचे दर सेकंदास ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेऊन त्यांचे आंकडे बनवितो, आणि ते आंकडे संगणकांत साठविले जातात. आजकाल प्रीअँप आणि कन्व्हर्टर हे दोन्ही 'इंटरफेस' नांवाच्या एकाच लहानशा पेटींत मिळतात. याशिवाय एक परतीची वाटहि असते. संगणकांतून निघून गायकाच्या कानावरील हेडफोनपर्यंत जाणारी. तिचा विचार पुढें येईल.

या साऱ्या मार्गांत कन्व्हर्टर हा सीमेवरच्या नाक्यासारखा आहे. नाक्याच्या अलीकडे संदेशावर जो संस्कार घडतो तो कायमचा. पलीकडे, म्हणजे संगणकांत, जो घडतो तो हवा तेव्हां पुसतां येतो आणि हवा तितक्यांदा नव्यानें करतां येतो. हा एक भेद मनांत पक्का धरला म्हणजे या विषयांतील निम्मा गोंधळ दूर होतो.

आतां या क्षेत्रांत प्रचलित असलेल्या दोन संप्रदायांकडे वळूं. पहिल्या संप्रदायाचें ध्येय असें कीं, गायक आणि श्रोता यांच्यामध्यें जणूं एक सरळ तारच असावी. मार्गांतील कोणत्याहि यंत्रानें स्वतःचें असें कांहींच मिसळूं नये. दुसऱ्या संप्रदायास हा विचार शुष्क वाटतो. त्याच्या मतें यंत्राचा रंग हाच ध्वनिमुद्रणाचा प्राण होय. बर्लिनच्या नॉयमन कंपनीचा १९४९ सालचा यू ४७ हा मायक्रोफोन, रुपर्ट नीव्ह यांचा १९७० सालचा १०७३ हा प्रीअँप, बिल पटनम यांचा १९६७ सालचा ११७६ हा कॉम्प्रेसर, हीं या संप्रदायाचीं दैवतें. त्यांचा महिमा निराधार नाहीं. १०७३ मधील ट्रान्सफॉर्मरवर संदेशाचा भार वाढला कीं तो मूळ स्वरास थोड्या उपस्वरांची जोड देतो, आणि त्यामुळें आवाज भरल्यासारखा वाटतो. १९६० नंतरच्या दशकांतील एलए-२ए या कॉम्प्रेसरमध्यें संदेशाच्या तीव्रतेप्रमाणें एक पट्टी प्रकाशमान होते व समोरील प्रकाशग्राही घटक तो प्रकाश पाहून आवाज आवरतो. हा घटक सावकाश सावरतो, आणि या मंदपणामुळेंच त्याचें आवरणें कानास बोचत नाहीं. संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर पहिल्या संप्रदायाची निष्ठा स्वभावोक्तीवर, आणि दुसऱ्याची वक्रोक्तीवर.

परंतु दोन्ही संप्रदाय एकाच ठिकाणीं चुकतात. सरळ तारेच्या भक्तांस हें विस्मरण होतें कीं, सरळ तार अस्तित्वांतच नाहीं. मायक्रोफोन ओठांपासून एक फूट होता तो सहा इंचांवर आणला कीं गायकाचा प्रत्यक्ष आवाज ६ डेसिबलनीं वाढतो, खोलीचा घुमारा मात्र होता तितकाच राहतो. शिवाय एकाच दिशेनें ऐकणाऱ्या मायक्रोफोनांत जवळ येतांच खर्जहि फुगतो. म्हणजे नुसता मायक्रोफोन कोठें ठेवावा हें ठरवितांच आपण आवाजाचा अर्थ लावावयास आरंभ केलेला असतो. उलट, रंगाच्या भक्तांस असें वाटतें कीं, जो रंग एका गाण्यास शोभला तो सर्वांस शोभेल. अकराव्या शतकांत काश्मीरच्या क्षेमेंद्रानें काव्यास जी कसोटी लावली ती येथें लावून पाहावी. अलंकार चांगला कीं वाईट हा प्रश्न त्यानें गौण मानला. तो योग्य जागीं आहे कीं नाहीं, हा मुख्य. कमरेचा दागिना सोन्याचा असला म्हणून तो गळ्यांत घालून कोणी सुंदर दिसत नाहीं. ध्वनिमार्गांतील प्रत्येक दुव्यास हाच प्रश्न विचारावयाचा आहे : प्रस्तुत गाण्यांत तुझें काम कोणतें?

केवळ तत्त्व सांगून थांबण्यापेक्षां घरीं मुद्रित झालेल्या दोन प्रसिद्ध कृति या कसोटीवर घासून पाहूं. दोन्ही अमेरिकेंतील आहेत, आणि दोहोंच्या मध्यें सदतीस वर्षांचें अंतर आहे.

पहिली कृति म्हणजे ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा १९८२ सालचा 'नेब्रास्का' हा गीतसंग्रह. त्या वर्षीच्या जानेवारींत न्यू जर्सी प्रांतांतील कोल्ट्स नेक येथील राहत्या घरीं स्प्रिंगस्टीन यांनीं हीं गाणीं मुद्रित केलीं. हेतु एवढाच कीं, पुढें आपल्या वाद्यवृंदास तीं शिकवितां यावीं. ध्वनिमार्ग असा होता : शुअर कंपनीचे एसएम ५७ जातीचे दोन डायनॅमिक मायक्रोफोन, आणि टीअॅक कंपनीचें १४४ हें १९७९ सालीं बाजारांत आलेलें चार ट्रॅकांचें कॅसेट-यंत्र. हें यंत्र साध्याच कॅसेटवर, परंतु दुप्पट गतीनें मुद्रण करी. मग एकोप्लेक्स नांवाच्या प्रतिध्वनि-यंत्रांतून तें सर्व पॅनासॉनिकच्या एका सामान्य कॅसेट-रेकॉर्डरवर उतरविलें. ती कॅसेट स्प्रिंगस्टीन कांहीं काळ वेष्टणावांचून खिशांत घालून हिंडत होते. त्याच वर्षीं न्यू यॉर्कच्या नामांकित स्टुडिओंत संपूर्ण वाद्यवृंदासह हींच गाणीं करून पाहिलीं. परंतु बहुतेकांस घरच्या मुद्रणाची कळा येईना. अखेर कॅसेटवरचींच गाणीं सप्टेंबरमध्यें प्रसिद्ध झालीं. वाद्यवृंदासह केलेले प्रयोगहि २०२५ सालीं प्रसिद्ध झाल्यामुळें आतां रसिकांस दोहोंची तुलना स्वतःच्या कानांनीं करतां येते.

या कृतीवरून 'यंत्रांस कांहींच महत्त्व नाहीं' असा निष्कर्ष काढण्याची रीत पडली आहे. आम्हांस हा निष्कर्ष उथळ वाटतो. या संग्रहांतील माणसें खुनी, कर्जबाजारी, रात्रीं रस्त्यावर एकटीं गाडी हांकणारीं अशीं आहेत. कॅसेटचा खरखराट, वरच्या सुरांची बोथट धार आणि एकोप्लेक्सचा दूरवरून आल्यासारखा प्रतिध्वनि यांनीं त्या एकटेपणास जागा दिली. गिटार, हार्मोनिका आणि पुरुषाचा भरदार कंठ हे एसएम ५७ सारख्या जाड कानाच्या मायक्रोफोनास सहज पेलणारे आवाज. म्हणजे येथें यंत्रांनीं काम केलें, आणि तें गाण्याच्या आशयास अनुरूप केलें. ती अनुरूपता आधीं योजलेली नव्हती एवढेंच. शिवाय या मार्गाची किंमतहि मोजावी लागली. कॅसेटवरील आवाजाची पातळी इतकी क्षीण होती कीं, ती तबकडीवर उतरवितांना निष्णात तंत्रज्ञांसहि फार खटाटोप करावा लागला. साधा मार्ग आणि निष्काळजीपणाचा मार्ग या दोन गोष्टी भिन्न आहेत. 'नेब्रास्का'मध्यें दोन्ही होत्या. अनुकरण करावयाचें तें पहिलीचें.

दुसरी कृति बिली आयलिश यांचा २०१९ सालचा पहिला संग्रह. लॉस एंजेलिस शहराच्या हायलंड पार्क भागांत आईवडिलांच्या घरीं, भाऊ फिनिअस यांच्या निजावयाच्या खोलींत तो बव्हंशीं तयार झाला, आणि जानेवारी २०२० मध्यें त्यास वर्षांतील सर्वोत्तम संग्रहाचें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. येथील मार्गहि आंखूडच : नॉयमनचा टीएलएम १०३ हा कंडेन्सर मायक्रोफोन, अपोलो नांवाचा इंटरफेस आणि संगणक. परंतु हा आंखूडपणा निराळ्या जातीचा आहे. या गायिकेचें गाणें पुष्कळ ठिकाणीं कुजबुजीच्या काठावरचें. ओठ विलगल्याचा आवाज, श्वासाची चाहूल, हींहि तिच्या उच्चाराचीं अंगें. असा क्षीण आवाज पकडावयाचा तर मायक्रोफोनाची स्वतःची कुरकुर नगण्य असावी लागते. टीएलएम १०३ ची अंगभूत कुरकुर अवघी ७ डेसिबल आहे. शांत म्हणविणाऱ्या खोलींतील शांतताहि तिच्यापेक्षां मोठी असते. हीच कुजबूज एसएम ५७ वर घेऊन प्रीअँपची कळ पूर्ण पिळली असती, तर श्वासाबरोबर प्रीअँपची सळसळहि श्रोत्याच्या कानीं गेली असती. या संग्रहांत आवाजाचे विकार, थर आणि मोडतोड भरपूर आहेत; परंतु तो सर्व साज प्राधान्यानें नाक्याच्या पलीकडचा. मूळ आवाज स्वच्छ घेऊन ठेवला म्हणूनच पुढें त्याच्याशीं इतकें धीटपणें खेळतां आलें.

दोन्ही कृतींचा मार्ग अदलाबदल करून पाहावा म्हणजे औचित्याचें मर्म कळतें. 'नेब्रास्का' निर्मळ कंडेन्सरवर घेतलें असतें तर तें एका चांगल्या गवयाचें चांगलें ध्वनिमुद्रण झालें असतें; तेंहि ऐकलें गेलें असतें, पण त्यांतील ओसाड रात्र कदाचित् उजळून गेली असती. आयलिश यांचा संग्रह कॅसेटवर घेतला असता तर त्याचा अर्धा अर्थच खरखरींत बुडाला असता. एका मार्गास श्रेष्ठ आणि दुसऱ्यास कनिष्ठ म्हणण्याची सोय येथें उरत नाहीं. मात्र एक गोष्ट दोहोंत समान आहे : मार्गावर दुवे थोडे होते, आणि गाणारें माणूस त्या दुव्यांची आठवण न ठेवतां गात होतें.

यावरून निवडीचा क्रम कोणता असावा तें पाहूं. बाजाराचा क्रम बहुधा उलटा असतो. तो प्रीअँपपासून सुरू होतो, कॉम्प्रेसरवर थबकतो आणि खोलीपर्यंत क्वचित् पोंचतो. कारण खोली विकतां येत नाहीं. आमच्या मतें पहिला दुवा खोली, दुसरा मायक्रोफोनाची जागा, तिसरा मायक्रोफोन, आणि मग बाकी सर्व. चार उघड्या भिंती आणि फरशी असलेल्या खोलींत प्रत्येक स्वर पांचसहा वेळां परतून येतो, आणि तो परतलेला स्वर मागाहून कोणतेंहि यंत्र पूर्णपणें काढूं शकत नाहीं. उलट पुस्तकांनीं भरलेलीं कपाटें, जाड पडदे, भिंतीशीं उभ्या केलेल्या गाद्या, टांगलेल्या गोधड्या, यांनीं तीच खोली पुष्कळ निवते. खर्जाचा घुमारा मात्र गोधडीस दाद देत नाहीं. त्यासाठीं खोलीच्या मधोमध व कोपऱ्यांत उभें राहण्याचें टाळावें. कार्डिऑइड जातीचा मायक्रोफोन पाठीमागून फारसें ऐकत नाहीं. तेव्हां त्याची पाठ खिडकीकडे किंवा संगणकाच्या पंख्याकडे करावी. छताचा पंखा बंद करावा हें सांगण्यासहि हरकत नाहीं. कारण पुष्कळ घरगुती मुद्रणांत तो साथीदारासारखा शेवटपर्यंत हजर असतो. तारेच्या बाबतींत तीन टोकांची 'बॅलन्स्ड' केबल एवढी अट पुरे. तिच्यांतील दोन तारांवर संदेश परस्परविरुद्ध जातो आणि वाटेंत शिरलेली विजेची गुणगुण दोहोंवर सारखीच बसते. शेवटीं एकींतून दुसरी वजा केली कीं संदेश राहतो, गुणगुण जाते. सोन्याच्या मुलाम्याच्या केबलींस यापेक्षां अधिक पुण्य नाहीं.

आतां कॉम्प्रेसरकडे वळूं, कारण आपल्याकडील गाण्याचा या यंत्राशीं खरा तंटा आहे. कॉम्प्रेसर ठराविक मर्यादेबाहेर गेलेला आवाज दाबतो. मग सर्वच आवाज एकसारखा वर उचलला जातो. परिणामीं मोठें तें लहान होतें आणि लहान तें मोठें होतें. ज्या गाण्यांत ढोलकांच्या आणि विजेच्या गिटारांच्या गर्दींतून एका कंठास वाट काढावयाची असते तेथें हा संस्कार उपकारक ठरतो. ख्यालाची गोष्ट निराळी. मंद्रांतला षड्ज हळूच ठेवणें, तेथून आवाजाचा विस्तार करीत तारसप्तकापर्यंत जाणें, आणि समेवर येऊन पुन्हां निवणें, हा चढउतार ख्यालाच्या रचनेचाच भाग आहे. तो सपाट करणें म्हणजे निबंधांतील सर्व वाक्यें एकाच लांबीचीं करण्यासारखें होय. शिवाय दोन आलापींच्या मधल्या विश्रांतींत कॉम्प्रेसर हात सैल सोडतो आणि मागचा तंबोरा एकदम पुढें सरकतो. गायकानें तोंड उघडतांच तो पुन्हां मागें जातो. जवारी लागलेल्या तंबोऱ्याचा झंकार हा आकाशासारखा स्थिर असावा. तो श्वास घेऊं लागला कीं भ्रम सुटला. जाणता गायक तार स्वराच्या वेळीं मान किंचित् मागें घेतो. त्याहून उत्तम कॉम्प्रेसर अद्यापि निघालेला नाहीं.

यावर पूर्वपक्ष असा येतो कीं, आवाज आधींच आवरला नाहीं तर क्षीण भाग खरखरींत जाईल किंवा मोठा भाग फाटेल. टेपच्या काळीं हें खरें होतें. साध्या कॅसेटवर सर्वांत मोठा आवाज आणि तिची स्वतःची खरखर यांत सुमारें ५० ते ६० डेसिबलांचेंच अंतर असे; म्हणून संदेश सतत वरच्या कांठाशीं ठेवावा लागे. चोवीस बिटांच्या मुद्रणांत हें अंतर तत्त्वतः १४४ डेसिबल आहे. प्रत्यक्ष यंत्रें ११० ते १२० च्या आसपास थांबतात, तरीहि शांत घरांतील शांतता आणि गायकाची सर्वांत मोठी तान यांमधील अंतर त्यांत सुखानें मावतें. तेव्हां सर्वांत मोठ्या स्वरासहि वर १० ते १२ डेसिबलांची मोकळीक ठेवून मुद्रण करावें; क्षीण भागाचें कांहीं बिघडत नाहीं. आंकड्यांच्या मर्यादेवर आदळून फाटलेला स्वर मात्र मागाहून खरेपणानें सांधतां येत नाहीं. कारण नाहींसें झालें तरी नियम मागें उरतो, हा अनुभव व्याकरणांत येतो तसा येथेंहि येतो.

दुसरा पूर्वपक्ष अधिक वजनदार आहे, आणि त्याचा आम्ही आदर करतों. तो असा : सर्व निर्णय पुढें ढकलण्याची सोय झाली म्हणजे निर्णय घेण्याची शक्तीच नष्ट होते. बीटल्सचा १९६७ सालचा 'सार्जंट पेपर' चार ट्रॅकांच्या यंत्रांवर झाला. ट्रॅक भरले कीं ते एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवावे लागत, आणि एकत्र केलेले पुन्हां वेगळे होत नसत. त्या सक्तीमुळें प्रत्येक वेळीं कानांनीं निकाल द्यावाच लागे, आणि त्या कृतीच्या ठसठशीतपणाचें कांहीं श्रेय या सक्तीस आहे. हें खरें, पण निकाल देणारे कान तेथें होते, आणि चुकल्यास तेंच गाणें दुसऱ्या दिवशीं पुन्हां गावयास तेच गायक होते. ज्यास आपल्याला कोणता आवाज हवा हें निश्चित ठाऊक आहे, त्यानें नाक्याच्या अलीकडे खुशाल संस्कार करावेत. ज्यास तें ठाऊक नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या यादीवरून कॉम्प्रेसर आणून न पुसणारी रेघ ओढणें हें धाडस नव्हे. त्यानें निर्णय मायक्रोफोनाच्या जागेंत घ्यावा. ती जागाहि न पुसणारीच असते, आणि तिच्यासाठीं पैसा पडत नाहीं, नुसतें ऐकावें लागतें.

परतीची वाट बहुतेक लेखक विसरतात. परंतु गाण्याचा बेरंग पुष्कळदां तेथेंच होतो. संगणक नमुन्यांच्या लहान लहान गठ्ठ्यांनीं काम करतो. गठ्ठा ५१२ नमुन्यांचा असेल तर ४४,१०० च्या हिशेबानें एका फेरीस सुमारें ११.६ मिलिसेकंद लागतात, आणि येण्याजाण्याच्या मिळून त्याच्या दुप्पट. एवढ्या वेळांत हवेंतील ध्वनि जवळजवळ आठ मीटर जातो. म्हणजे हेडफोन घातलेल्या गायकास आपलाच आवाज खोलीबाहेरून कोणी म्हणत असल्यासारखा मागाहून येतो. अशा स्थितींत श्रुति ढळते, लय जड होते, आणि दोष गायकाच्या माथीं बसतो. पुष्कळ इंटरफेसांत आवाज संगणकांत न जातां थेट हेडफोनाकडे वळविण्याची कळ असते. ती वापरावी, आणि एक कान उघडा ठेवावा, म्हणजे गायकास खोलीचा आणि स्वतःचा विश्वास राहतो.

आतां परीक्षेची रीत. दोन मार्गांची तुलना करतांना दोहोंची पातळी काटेकोर सारखी करून घ्यावी. एका डेसिबलानें मोठा असलेला आवाजहि कानास 'अधिक चांगला' वाटतो, आणि यंत्रांच्या कीर्तीचा बराचसा भाग या एका डेसिबलावर उभा आहे. पातळी सारखी करून, नांवें झांकून, दुसऱ्या दिवशीं ताज्या कानांनीं ऐकावें. जो दुवा काढल्यानें कांहीं हरवलें असें वाटत नाहीं तो काढून टाकावा. ग्रंथसंपादनांत विशेषणांस जो न्याय लावतात तोच हा न्याय होय. आपल्याकडील एकट्या गायकास या रीतीनें बहुधा एवढाच मार्ग उरतो : निवविलेली खोली, विचारपूर्वक ठेवलेला एक चांगला कंडेन्सर मायक्रोफोन, साधा स्वच्छ इंटरफेस, आणि मध्यें कांहीं नाहीं. ज्या गाण्यास रंग हवा असेल त्यास तो पलीकडे देतां येतो. १०७३ आणि एलए-२ए यांच्या प्रतिकृति आतां संगणकांत मिळतात, आणि मूळ यंत्रांशीं त्यांचा सांधा पूर्ण जुळत नसला तरी त्यांनीं केलेली चूक पुसतां येते.

ही सर्व चिकित्सा एवढ्या आग्रहानें करण्याचें कारण असें कीं, घरगुती मुद्रणांत पुष्कळदां जें मुद्रित होतें तें पुन्हां होणारें नसतें. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतील कांहीं गाणाऱ्या बायांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित झाल्या; पिठाच्या गिरण्या आल्यावर जातें थांबलें आणि नव्या ओव्यांचा झरा आटत गेला, त्यामुळें त्या संग्रहाचें मोल आज अधिकच कळतें. असेंच धन अजून अनेक घरांत आहे : आजीच्या ओव्या, एखाद्या वृद्ध गवयास येत असलेल्या पण कागदावर न उतरलेल्या बंदिशी, कीर्तनकाराच्या चाली. तीं घेण्यास बसलेल्या नातवाच्या हातीं आज उत्तम साधन आहे, आणि भोंवतीं याद्याहि पुष्कळ आहेत. त्या आवाजावर घाईनें चढविलेला रंग पुढील पिढीस उतरवितां येणार नाहीं. जात्याची घरघर हा गोंगाट कीं साथ, आजीचा थकलेला श्वास हा दोष कीं ओवीचाच एक चरण, हें कोणतेंहि यंत्र ठरवूं शकत नाहीं. ज्यास तें ठरवावयाचें आहे त्यानें प्रथम यंत्राकडे पाठ करून आजीजवळ बसावें, तिचें गाणें दोनचार वेळां नुसतें ऐकावें, आणि मगच मायक्रोफोन कोठें ठेवावयाचा याचा विचार करावा.